मास्तरांच्या कोटाचा खिसा

रमजान टेलरचं खरं दुखणं एकच होतं. तो दोन वर्षं उशिरा जन्मला. भाऊसो मास्तरांचा खून झाला एकोणीसशे एक्कावन्नच्या फेब्रुवारीत, भाटोशीच्या रविवारच्या बाजारात, भरदिवसा, चावडीच्या पायऱ्यांवर. आणि रमजान जन्मला त्रेपन्न साली. आता दोन वर्षं आधी जन्मला असता तरी पाळण्यात अंगठाच चोखत पडला असता म्हणा, पण हेवा करणाऱ्या माणसाला असलं काही सांगून पटत नाही. त्याला एवढंच दिसायचं, की चिंतामण गुरव तेव्हा दहा वर्षांचा होता, पायरीशी उभा राहून बत्तासे खात होता आणि त्यानं सगळं पाहिलं. तेवढ्या भांडवलावर हा माणूस आज त्र्याऐंशीचा झाला तरी गावाचा साक्षीदार होता. मोठी माणसं त्याला तात्या म्हणायची, पोरं साक्षीदारआबा.

भाटोशी शिराळ्यापासून तासाभराच्या वाटेवर. मास्तर तिथल्या शाळेत शिकवायचे आणि शाळा सुटली की कुळांच्या बाजूनं इनामदाराशी भांडायचे. इनामदाराच्या दोन गड्यांवर खटला चालला. चिंतामणनं कोर्टात सांगितलं, की गड्यानं समोरून गोळी झाडली, ती मास्तरांच्या कोटाच्या वरच्या खिशावर बसली, खिशातलं फौंटन पेन फुटलं आणि शाई सांडली. एवढ्याशा पोरानं एवढं नीट सांगितलं म्हणून सगळे चकित झाले. मग आरोपींच्या वकिलानं एक जुना फोटो पुढं केला. सत्तेचाळीस सालच्या झेंडावंदनाचा. त्यात मास्तर, अंगात त्यांचा एकुलता एक राखाडी कोट, आणि कोटाचा वरचा खिसा छातीच्या डाव्या बाजूला. डॉक्टरांचा कागद मात्र सांगत होता, जखम उजव्या बाजूला. वकिलानं गोड आवाजात विचारलं, बाळ, मग गोळी खिशावर लागली कशी? कोर्ट हसलं. पोरगं रडायला लागलं. साक्ष पढवलेली ठरली आणि दोन्ही गडी सुटले.

खुद्द कोट त्या वेळी कोर्टात नव्हताच. मास्तरांच्या बायकोनं तो रक्तासकट ट्रंकेत घालून वर कुलूप लावलं होतं, आणि त्या गडबडीत कुणी तो मागितला नाही. चौऱ्याहत्तर साली मरणाच्या आधी तिनं तो गावातल्या मास्तरांच्या स्मारकाला दिला. कोट उलगडला तर छिद्र बरोबर खिशावर, भोवती शाईचा काळानिळा डाग, आणि तो खिसा उजव्या बाजूला. चिंतामण खरा ठरला. फोटोत डावीकडं असलेला खिसा उजवीकडं कसा आला, हे कुणी विचारलं नाही. गावाला विचारायचंच नव्हतं, तेवीस वर्षांनी अब्रू परत आली होती. कोट काचेच्या कपाटात गेला आणि दरवर्षी अकरा फेब्रुवारीला, मास्तरांच्या पुण्यतिथीला, चिंतामणच्या खांद्यावर शाल यायला लागली.

त्या दिवशी घालायचा नेहरू शर्ट शिवायचा कुणी? रमजाननं. चाळीस वर्षं. दरवर्षी तो शर्ट बगलेत जरासा, अगदी सुतभर, घट्ट व्हायचा. भाषणाला हात वर केला की चिंतामणला तो काचायचा आणि खाली बसलेल्या रमजानला बरं वाटायचं. हा माणूस बाकी वाईट नव्हता. गावातल्या गरीब पोरांचे शाळेचे कपडे वेळेवर द्यायचा, पाचही वेळा नमाज पढायचा, बायकोला, झुबेदाला, कधी वावगं बोलला नव्हता. पण नातीनं, नूरीननं, शाळेत 'आमच्या गावचे साक्षीदारआबा' या विषयावर भाषण करून पहिलं बक्षीस आणलं, त्या दिवशी तो जेवला नाही. पित्त झालंय म्हणाला. झुबेदाला कसलं पित्त ते बरोबर कळलं आणि तिनं ताट झाकून ठेवलं.

आणि हेवा करायला त्याच्याकडं कारणही होतं, नुसती जळजळ नव्हती. चिंतामणनं खून पाहिला होता, पण कोटाची गोष्ट ठाऊक होती ती एकट्या रमजानला.

ती त्याला त्याच्या बापानं सांगितली होती. बाप, अजमल, हाही शिंपीच. पन्नास साली कापड रेशनवर होतं, नवा कोट कुठून येणार? तेव्हाचे शिंपी जुना कोट उलटून द्यायचे. सगळी शिलाई उसवायची, उन्हानं विटलेली बाजू आत घालायची, आतली ताजी बाजू बाहेर काढायची आणि पुन्हा शिवायचं. कोट नवा दिसायचा. फक्त एक व्हायचं. उलटल्यावर डावं अंग उजवीकडं जायचं आणि त्याबरोबर खिसाही उजवीकडं. काजं, गुंड्या, सगळंच बाजू बदलायचं. मास्तरांचा कोट अजमलनं खुनाच्या आधी तीन महिने असा उलटून दिला होता.

पण उलटलेला कोट ही त्या काळी गिऱ्हाइकाची झाकली मूठ. तो कोट उलटलेला आहे हे शिंप्यानं कुणालाही सांगायचं नाही, अगदी घरच्या बायकोलाही नाही, असा धंद्याचा रिवाज. मास्तरांनी तर अजमलचा हात धरून सांगितलं होतं, की उद्या इनामदारासमोर उभं राहायचंय, त्याला माझं दारिद्र्य दिसायला नको. अजमलनं जबान दिली. खटल्यातल्या फोटोची हकिगत कानावर आली तेव्हा त्याला सगळं एका क्षणात कळलं. आठ दिवस तो उठत-बसत राहिला. मेलेल्या माणसाला दिलेली जबान मोडायची कशी, आणि कोर्टाला दुसरा कुणी साक्षीदार मिळेलच की, असं मनाशी म्हणत राहिला. दुसरा कुणी मिळाला नाही. एकोणनव्वद साली, शेवटच्या आजारात, त्यानं रमजानला जवळ बसवलं आणि म्हणाला, “त्या पोराची साक्ष खरी हुती. मी तोंड उघडलं न्हाई म्हनून मारेकरी सुटलं. कवा त्याच्यावर पुन्हा येळ आली, तर तू बोल.”

रमजाननं बापाला हो म्हटलं. पण तोवर चिंतामणच्या घरी शालींनी पेटी भरली होती. त्याला कशाला आणखी खरं करायचं, असं रमजानच्या मनानं घेतलं आणि ती गोष्ट त्यानं पस्तीस वर्षं पोटात ठेवली. बापानं ती शब्दासाठी ठेवली होती. लेकानं ठेवली ती मत्सरापोटी, आणि हा फरक त्याला स्वतःलाही पुरता ठाऊक होता.

मग गेल्या दिवाळीनंतर क्षमा आली. मूळची वाईची, साताऱ्याला कॉलेजात इतिहास शिकवणारी, पस्तिशीची बाई. तिनं काचेतला कोट पाहिला, जुना फोटो मिळवला, खटल्याचे कागद वाचले आणि एका मासिकात लेख लिहिला. लेखाचं म्हणणं सरळ होतं. फोटोत खिसा डावीकडं, स्मारकातल्या कोटाला उजवीकडं. शिवाय त्याच्या गुंड्याही बायकांच्या कपड्यासारख्या उलट्या. तेव्हा हा कोट मास्तरांचा नव्हे. एका मुलाची फसलेली साक्ष खरी ठरवण्यासाठी तो नंतर मुद्दाम, बहुधा सांगलीकडच्या एखाद्या दुकानात, शिवून घेतलेला असावा.

रमजाननं तो लेख तीनदा वाचला. त्या दिवशी तो दोन भाकरी जास्त जेवला. मशिनीवर बसून गुणगुणायलाही लागला. फक्त 'सांगलीकडच्या दुकानात' हे शब्द त्याला टोचले. बापाच्या हातची शिलाई आणि ती सांगलीच्या खाती? पण एवढ्या गोडात तेवढं कडू चालून गेलं. गावात मात्र आग लागली होती. कुणी बाईला शिव्या देत होतं, कुणी हळूच म्हणत होतं, तसा तात्या पहिल्यापासनं बोलघेवडाच. चावडीपुढून जाताना लोक चिंतामणकडं बघून बोलायचे थांबायला लागले.

चार दिवसांनी चिंतामण स्वतः काठी टेकत दुकानात आला. साताऱ्याला त्या लेखावर चर्चा ठेवली होती, कोट तिथं नेणार होते, त्यालाही बोलावलं होतं. तो म्हणाला, मला कपड्यातलं काही कळत नाही, तू संगं चल. रमजाननं आधी कामाची सबब सांगितली. मग गेला. का गेला हे त्याला विचाराल, तर म्हाताऱ्याला सोबत म्हणून, असं तो सांगेल. खरं तर त्याला चिंतामणची फजिती बघायची होती.

साताऱ्याला चर्चेच्या दालनात तीसेक माणसं होती. टेबलावर पांढरं कापड अंथरून त्यावर कोट ठेवला होता. क्षमा आदबीनं बोलत होती, आवाज न चढवता, आणि त्यामुळेच तिचं म्हणणं जास्त लागत होतं. चिंतामणनं आपली हकिगत सांगितली. बहात्तर-त्र्याहत्तर वर्षं सांगत आला तशीच, पण आज मध्येच अडखळला. मग त्यानंच म्हटलं, आमच्यातले हे रमजान शिंपी आहेत, यांना विचारा. क्षमानं रमजानला पुढं बोलावलं.

त्यानं कोटाला हात लावला. कपाटाच्या काचेतून त्यानं तो शेकडो वेळा पाहिला होता, हात लावायची ही पहिलीच वेळ. कॉलरच्या खाली बोट फिरलं आणि त्याला बापाचा टाका लागला, बारीक, तिरपा, शेवटाला दोनदा मागं घेतलेला. तो टाका रमजान लहानपणी मार खाऊन शिकला होता. त्यानं मान वर केली तर समोर चिंतामण, आणि त्याच्या डोळ्यांत एवढी आशा होती की रमजानला ती सहन झाली नाही. इथंही हाच. बापाचा टाका माझ्या बोटाखाली, आणि शाल पुन्हा ह्याच्याच खांद्यावर जाणार.

पुरुषाच्या कोटाचा वरचा खिसा कुठल्या बाजूला असतो, असं क्षमानं विचारलं.

“डावीकडं,” रमजान म्हणाला.

कधी उजवीकडं शिवतात का?

“पन्नास वरसं शिवतोय. मी तर कवा शिवला न्हाई.”

दोन्ही वाक्यं खरी होती. खोटं बोलला असता तर कदाचित अडखळला तरी असता. लोकांनी माना डोलावल्या, कुणीतरी लिहून घेतलं, आणि चिंतामण खुर्चीत एकदम लहान दिसायला लागला.

परतीच्या एसटीत चिंतामण खिडकीशी बसला. कराडच्या स्टँडवर रमजाननं चहा आणला, तो त्यानं घेतला आणि तसाच हातात धरून बसला. मग खिडकीकडं तोंड करून म्हणाला, “मी बघितलंच नसंल रं, रमजान. पोर हुतो. लोकं बोलली आसतील आन् मला वाटलं आसंल मीच बघितलं. एवढी वरसं गावाला फसवलं म्हनायचं.”

रमजानला आधी बरं वाटलं. हे लपवण्यात अर्थ नाही, एक घोटभर त्याला बरंच वाटलं. पण दुसऱ्या घोटाला ते उरलं नाही. म्हाताऱ्याची शाल जावी, खुर्ची जावी, हे त्याला हवं होतं. त्याचे डोळेच काढून घ्यावेत असं त्याच्या मनात नव्हतं. आता सांगावं, आत्ताच सांगावं, असं कराडपासून शिराळ्यापर्यंत त्याला दहादा वाटलं. पण सांगायचं तर साताऱ्यात का गप्प बसलास हेही सांगावं लागणार होतं, आणि ते त्याच्या तोंडून निघेना. शिराळ्याला गाडी बदलली, भाटोशी आली, दोघं आपापल्या घरी गेले.

आठवड्यानं बातमी आली. चिंतामणनं स्मारकाच्या मंडळींना चिठ्ठी लिहिली होती. माझी साक्ष मागं घेतो, कोट कपाटातून काढा, स्मारकाच्या दगडावरचं माझं नाव पुसा, गावानं माफ करावं. शुक्रवारी दुपारी बैठक ठरली, क्षमालाही बोलावणं गेलं. झुबेदा विहिरीवरून ऐकून आली होती की तात्यानं अन्न टाकलंय, कुणाशी बोलत नाही. रमजान गुंड्या लावत होता. त्यानं शर्ट खाली ठेवला आणि तिला सगळं सांगितलं. बापाचं, कोटाचं, साताऱ्याचं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तिला तो इतकं सलग कधी बोलला नव्हता.

झुबेदानं तो शर्ट उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाली, “जावा. आन् आवं, अर्धं सांगून येऊ नका. साताऱ्याचंबी सांगा.”

जुम्म्याची नमाज आटोपून तो दुकानात गेला, उसवायची लहान कात्री खिशात टाकली आणि स्मारकावर पोचला. कोट कपाटातून काढून टेबलावर ठेवलेला होता. आता तो कुणाचाच नव्हता, त्यामुळे निष्काळजीपणानं पसरलेला होता, एक बाही खाली लोंबत होती. चिंतामण भिंतीशी बसला होता. रमजाननं कुणाला न विचारता कोट ओढून घेतला आणि अस्तराची शिवण उसवायला घेतली. दोघंतिघं ओरडले. क्षमानंच त्यांना थांबवलं.

बापाचा टाका तुटताना बारीक आवाज होतो. रमजानची कात्री कुठंच चुकली नाही. वीतभर अस्तर मोकळं झालं तसं त्यानं ते बाजूला केलं आणि आतलं कापड दाराच्या उजेडात धरलं. बाहेरून कोट गडद राखाडी होता. अस्तराखालची बाजू विटून पांढुरकी पडली होती, आणि शिवणीत दुमडलेल्या जागी तेवढा मूळचा गडद रंग राहिला होता.

“बाई, अस्तराच्या आत ऊन लागतं व्हय?” तो क्षमाला म्हणाला. “ही बाजू आधी भाईर हुती. माझ्या बापानं कोट उलटून दिला, खुनाच्या आधी तीन म्हयनं. म्हनून खिसा उजवीकडं गेला, म्हनून गुंड्या उलट्या. फोटोतला कोट आन् ह्यो कोट एकच हाय. तात्यानं सांगितलं तसंच घडलं.”

क्षमानं कोट हातात घेतला. आतून पाहिला, बाहेरून पाहिला, खिसा आतल्या बाजूनं चाचपला, फोटोशेजारी धरला. तिचं तोंड उतरलं होतं, पण बाई खरी होती. माझं चुकलं, मी तसं लिहीन, असं ती सगळ्यांसमोर म्हणाली. मग एकच गलका झाला. लोक उठले, चिंतामणभोवती गोळा झाले, कुणी त्याच्या पाठीवर हात ठेवला, कुणी त्याची चिठ्ठी फाडली. चिंतामणनं त्या सगळ्यांना हातानं बाजूला केलं.

“रमजान, हे तुला कवापास्नं ठाऊक?”

“अब्बा गेलं तवापास्नं.”

“म्हंजी साताऱ्यात ठाऊक हुतं.”

“व्हय.”

“मग?”

रमजाननं हातातली कात्री टेबलावर ठेवली. “तुमचा हेवा वाटायचा, तात्या. जलमभर. तुमी आनखी मोठं व्हावं असं वाटलं न्हाई.”

चिंतामण रागावला असता, शिवी दिली असती, काठी उगारली असती, तर रमजाननं ती आनंदानं खाल्ली असती. पण म्हातारा नुसता बघत राहिला. त्याला काय आठवत होतं कोण जाणे. कोर्ट हसलं होतं तो दिवस असेल, किंवा साताऱ्याचं टेबल असेल.

“गावाचा माझ्यावर इश्वास हुता रं,” तो शेवटी म्हणाला. “ठाऊक फकस्त तुलाच हुतं. आन् मी सगळी मानसं सोडून तुझ्याच तोंडाकडं बघत हुतो.”

एवढं बोलून तो उठला. कुणाचा हात न घेता भिंतीला धरत दारापर्यंत गेला, पायऱ्या उतरला आणि घराकडं चालू लागला. लोक त्याच्या मागोमाग निघाले. थोड्या वेळानं तिथं उसवलेला कोट, क्षमा आणि रमजान एवढेच उरले.

क्षमानं खुर्ची त्याच्याजवळ ओढली, वही उघडली आणि म्हणाली, चाचा, आता या कोटाचे साक्षीदार तुम्हीच, तेव्हा तुमच्या वडिलांपासून सुरुवात करून सगळं सांगा, मी शब्दन् शब्द लिहून घेते. उभ्या जन्मात रमजानला कुणी असं विचारलं नव्हतं. तो दाराकडं बघत राहिला, आणि तिनं दोनदा विचारूनही त्याच्या तोंडातून शब्द फुटला नाही.